कष्ट टाळायला शिकलेला माणूस मुद्दाम घाम का गाळतो?

नमस्कार बाई,

वय ४९. पोखरण रोडला एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. चोवीस वर्षं ठाणे ते फोर्ट अशी लोकलने नोकरी केली. २०२० पासून काम घरूनच. मार्चमध्ये रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. ‘अजून डायबेटिस नाही, पण दारात उभा आहे,’ असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात एकच धोशा: चाला. बायको चार दिवस पहाटे उपवन तळ्यावर घेऊन गेली, पाचव्या दिवशी मी उठलोच नाही. जिमचे पैसे भरले, महिन्यात सहा वेळा गेलो. मुलगी नववीत आहे, तिने मनगटावर घड्याळ बांधलंय, ते दर तासाला थरथरून मला उठवतं.

खरं सांगतो, मला हे पटतच नाही. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर उभे होते. किसननगरच्या चाळीतून चालत जायचे, चालत यायचे. रस्त्यात कुणी पळताना दिसलं की म्हणायचे, ‘काम नसलं की माणूस असा पळत सुटतो.’ गणपतीत पथकाबरोबर रात्र रात्र लेझीम खेळायचे, तेवढंच. ती लेझीम अजून माळ्यावर पडून आहे. कष्ट वाचावेत म्हणून माणसाने चाक काढलं, लिफ्ट काढली, आणि आता त्याच लिफ्टने खाली उतरून तळ्याभोवती चालायचं? मरणाच्या भीतीपलीकडे याला काही कारण आहे का? असेल तर सांगा. भीती घालू नका, ती घरात भरपूर मिळते.

— एक वाचक, ठाणे

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, पण ‘का’ असं इतक्या सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मुलं विचारत नाहीत, ती तास सुरू व्हायच्या आत मैदानावर पोहोचलेली असतात. मोठी माणसं ‘किती’ विचारतात: किती मिनिटं, किती पावलं, किती किलो. तुम्ही ‘का’ विचारलंत, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

आधी तुमच्या वडिलांच्या बाजूने बोलते. माणूस नावाच्या प्राण्याचं लाखो वर्षं हातावर पोट होतं. आज मिळालं ते उद्या मिळेल याची खात्री नाही, अशा दिवसांत उगाच पळणारा आधी उपाशी मरायचा. बसायला मिळालं की बसून घ्यावं, ही बुद्धी तेव्हापासून आपल्या हाडीमाशी मुरली आहे. टांझानियात हाडझा नावाची जमात आहे, त्यांच्यातली काही माणसं आजही शिकार, मध आणि कंदमुळांवर जगतात. संशोधकांनी त्यांच्या अंगावर मोजणीची यंत्रं लावून पाहिलं, तर दिवसाचे जवळजवळ दहा तास ती बसून काढतात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. फक्त त्यांना खुर्ची नाही. ती उकिडवी बसतात किंवा गुडघे टेकून, त्यामुळे बसल्या बसल्याही पायांचे स्नायू थोडे जागे असतात. आणि उठली की पाणी, लाकूड, खाणं यासाठी मैलोन् मैल चालतात.

तेव्हा पाचव्या दिवशी तुम्ही उठला नाहीत, याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका. पहाटे साडेपाचला, पोट भरलेलं असताना, कुठेही पोहोचायचं नसताना चालायला निघणं ही शरीराच्या दृष्टीने नवीनच मागणी आहे. ते कुरकुरणारच.

पण हेच काटकसरी शरीर दुसरीकडेही काटकसर करतं, आणि तिथे आपण फसतो. स्नायू, हाड, हृदयाची ताकद हे सगळं पोसायला महाग. वापर दिसला तर शरीर ते राखतं, नाही दिसला तर मोडीत काढतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या शरीराची काम करण्याची ताकद जितकी घटली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्या आईचा विचार करत राहिले. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर तिला आम्ही मायेपोटी दोन महिने पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. अंतराळवीरांचंही तेच होतं. तिथे वजनच जाणवत नाही, तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतं. अंगावर भार नाही, मग हाड कशाला सांभाळायचं, असा शरीराचा हिशेब.

आता तुमच्या लोकलकडे येते. ‘चोवीस वर्षं लोकलने’ इतकंच लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच थांबले, कारण मीही ठाण्याचीच. घरून निघून टीएमटी बसच्या रांगेत उभं राहायचं, बस स्टेशनबाहेरच्या पुलावर चढली की तिथे उतरायचं, जिने उतरून फलाट गाठायचा. इंडिकेटर बदलला की पुन्हा जिना चढून धावत दुसऱ्या फलाटावर. मग तासभर वरची कडी धरून, दर वळणाला तोल सावरत उभं. सीएसएमटीला उतरलं की फोर्टपर्यंत पायी. संध्याकाळी हेच सगळं उलटं, वर हातात भाजीची पिशवी. चोवीस वर्षं तुम्ही दिवसातून दोनदा हे केलंत आणि त्याला व्यायाम म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही, तुम्हालाही नाही.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी नेमकं हेच पकडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकार वाढत होता आणि कारण कळत नव्हतं. त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस एक, रस्ते एक, धूर एक. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ साली निष्कर्ष छापून आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा. त्यातला एकही कंडक्टर तब्येतीसाठी जिना चढत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या माणसाने तिकीट काढायचं बाकी होतं म्हणून चढत होता.

२०२० मध्ये तुम्ही कंडक्टरचे ड्रायव्हर झालात. इतकंच झालंय. तुमच्यात काही बिघाड झालेला नाही, तुमच्या दिवसातला जिना गेला.

भीतीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर मला मनापासून बोलायचं आहे. जिममधला तो ट्रेडमिल आहे ना, त्याचा पूर्वज तुरुंगातला. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरने कैद्यांसाठी पायऱ्यांचं फिरतं चाक बनवलं. कैद्यांनी तासन् तास त्यावर पाय टाकत राहायचं, ही शिक्षा. आणि मी स्वतः काय केलं? नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत उशिरा आलेल्या, गणवेश विसरलेल्या मुलांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. सगळेच लावायचे, मीही लावल्या. बऱ्याच वर्षांनी माझी एक विद्यार्थिनी राम मारुती रोडवर भेटली, कडेवर लेक होती. बोलता बोलता म्हणाली, ‘बाई, पळणं म्हटलं की मला अजून आपण काहीतरी चुकलोय असं वाटतं.’ ती अगदी सहज म्हणाली, मला मात्र ते लागलं. ज्या वयात पाय आपोआप पळतात, त्या वयात मी त्या मुलीच्या पळण्याला शिक्षेचा वास लावला. तुमच्या घरचे प्रेमापोटी तुम्हाला भीती घालतात, पण वास तोच लागतो. भीतीवर माणूस चार दिवस चालतो, फार तर सहा वेळा जिमला जातो.

मग भीतीपलीकडे काय आहे? याचं उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी येऊरच्या जंगलातल्या रस्त्यावर मिळालं.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोन-तीनदा उपवनवरून येऊरचा चढ चढते. पावसाळ्यात सकाळी त्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. वर चढणारे आपण: बूट, टोपी, पाण्याची बाटली. आणि खाली उतरणाऱ्या पाड्यांवरच्या बायका: डोक्यावर टाकळा, कुर्डू, कंटोळी यांचं ओझं, बाजार गाठायची घाई. एकदा एक बाई वळणावरच्या कठड्याला ओझं टेकवून दम घेत होत्या. वय माझ्याइतकं असावं. पाय अनवाणी, टाचांना भेगा, पोटऱ्या मात्र दोरखंडासारख्या. मी कंटोळी घेतली, पाव किलो. त्यांनी विचारलं, ‘कुठं निघालात?’ मी म्हटलं, ‘कुठं नाही, वर जाऊन परत येणार.’ त्या हसल्या. त्या हसण्यात तुमच्या वडिलांचं वाक्य होतं, हे तुमचं पत्र वाचताना मला कळलं.

पण त्यापुढे त्या जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. म्हणाल्या, ‘दिवाळीच्या टायमाला या पाड्यावर. नाच असतो, रातभर.’ तारप्याच्या सुरावर वारल्यांचा जो फेर चालतो, तो. मी विचारलं, ‘दिवसभर एवढं चालून नाचायला पाय उरतात?’ तर म्हणाल्या, ‘ते पाय वेगळे.’

ते पाय वेगळे. एकतीस वर्षांत माझ्या विषयाबद्दल याहून खरं मी काही ऐकलं नाही.

माणूस दोन कारणांनी हलतो. एक गरज: पाणी, लाकूड, तिकिटं, आठ-बाराची फास्ट. दुसरं कारण गरजेचं नाहीच. वासरू दूध पिऊन झालं की शेपटी वर करून गोठाभर हुंदडतं. रांगणारं मूल पडतं, उठतं, पुन्हा पडतं, आणि त्याला उठून कुठे जायचं असतं? श्रावणात मंगळागौरीला, दिवसभर सोवळ्यातला स्वयंपाक ओढलेल्या बायका रात्री झिम्मा, पिंगा, फुगड्या घालतात. माझी मावशी साठीत बसफुगडी घालायची, तीही दमेपर्यंत, आणि दमली की हसत जमिनीवरच बसायची. कसरत म्हणून कुणी मंगळागौर जागवत नाही. ‘आरोग्यासाठी’ हा शब्द या दोन कारणांच्या मागून आला, गरज आणि खेळ दोन्ही आपल्या दिवसातून निघून गेल्यावर.

आणि तुम्ही तर पुरावा स्वतःच्याच पत्रात ठेवलात. ‘गणपतीत रात्र रात्र लेझीम खेळायचे, तेवढंच.’ तेवढंच कसं? जो माणूस आठवडाभर लेथसमोर उभा राहून, चालत घरी येऊन दमलेला आहे, त्याने रात्री लेझीम हातात घ्यायचं काय कारण होतं? पगार नाही, डॉक्टरांचा आग्रह नाही. लेझीम मी शिकवली आहे, ती काय चीज आहे हे मला माहीत आहे. ‘चार आवाज’ हा साधा प्रकार करतानाच नवख्याचे खांदे भरून येतात. ‘दो रुख’ला कमरेतून वाकून दोन्ही बाजूंना वळायचं, गुडघ्यांना विश्रांती नाही, आणि ढोल-ताशाचा ठेका चढत गेला की साखळी हाताला ओढते. हे रात्र रात्र करणारा माणूस पळणाऱ्याला नावं ठेवत होता, कारण पळणारा एकटा होता आणि त्याच्या पळण्यात त्यांना ना काम दिसलं ना खेळ. त्यांचं निरीक्षण बरोबरच होतं. त्यांचेही पाय दोन होते, लेथचे वेगळे आणि लेझीमचे वेगळे.

एका ठेक्यावर हललं की दमणूकही वाटली जाते. २००९ साली ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला. तेच खेळाडू, तेवढीच मेहनत, एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत. एकत्र वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सहन करायची ताकद जास्त भरली. पथकात उभं राहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

आता तुमच्या साखरेचं बघू, कारण ६.१ हा आकडा सोडून द्यायचा नाही. ५.७ ते ६.४ हा डायबेटिसच्या आधीचा टप्पा मानतात आणि इथून मागे फिरता येतं. चेन्नईतल्या संशोधकांनी अशाच काठावरच्या भारतीय माणसांवर अभ्यास करून २००६ साली दाखवलं की चालणं आणि खाणं सुधारलेल्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. कारण समजून घ्या, म्हणजे ते औषधासारखं कडू वाटणार नाही. एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्सुलिनची किल्ली लागते. पण स्नायू काम करत असला की तो स्वतःच दार उघडून साखर आत ओढतो, इन्सुलिनची वाट बघत नाही. मांड्या आणि पोटऱ्यांत मोठाले स्नायू असतात. म्हणून जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं साधं चाललं तरी साखरेची उसळी कमी होते.

तेव्हा पहाट सोडून द्या. रात्री जेवलात की ताटं आवरून दोघं खाली उतरा. दिवसभर एकाच घरात राहूनही तुमचं बायकोशी किती बोलणं होतं, हे मी विचारत नाही, पण ती तुम्हाला चार दिवस उपवनला घेऊन गेली ती नुसती साखरेसाठी गेली असेल असं मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही इतपत. दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाली की तुम्ही त्यात बसलात.

त्या घड्याळातल्या दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होता. आकडा तिथून आला, कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. घड्याळ लेकीला परत करायचं तर तिच्याकडून काहीतरी मागून परत करा. तिला म्हणा, रविवारी सकाळी माझ्याबरोबर येऊरला चल. उजाडल्यावरच निघा, ते बिबट्याचं घर आहे. आणि तिला पुढे चालू द्या, तिच्या मागे धापा टाकत चढायला काही हरकत नाही.

गरजेचे पायही थोडे परत आणा. आठवड्याची भाजी ॲपवरून मागवत असाल, तर त्यातली निम्मी बंद करा आणि जांभळी नाक्याला जाऊन घ्या. दोन पिशव्या हातात घेऊन परत या, स्नायूंना वजनही लागतंच. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काही हवं असतं: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, पुढे जमेल तसं उकिडवं बसून वर्तमानपत्र वाचणं. लिफ्ट दहाव्याला सोडून वरचे चार मजले चढून बघा. मात्र छातीत दडपण आलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा गरगरलं तर थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. सहा वर्षं बसलेलं शरीर आहे, एकदम परीक्षा घेऊ नका. जिमचं म्हणाल तर तिथे मित्र असेल तर जा, एकटेच जाणार असाल तर राहू द्या.

राहिली माळ्यावरची लेझीम. ती खाली काढा. साखळी आणि चकत्या गंजल्या असतील तर रॉकेल मिळत नाही आता, खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा आणि जुन्या बनियनने पुसा. लाकडी दांड्याला तडा गेलाय का ते बघा, मुठीजवळ बहुतेक तिथेच जातो. सोसायटीच्या गणपतीला अजून वेळ आहे. नववीतल्या मुलीला शाळेत लेझीम असेल तर तिला येत असेल, नसेल तर तुम्हाला वडिलांचं बघून थोडंफार आठवत असेलच. ‘चार आवाज’ आठवत नसतील तर कळवा, एकेक आवाज मोजून लिहून पाठवते.

तुमची,
बाई